फोटोतली माणसे कोण?

(नाकाडोंगरी येथील कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संस्थेने घरोघरचे जुने फोटो जमविण्याचे काम हाती घेतले आहे. कोणी लोखंडी पेटीतून काढून दिले, कोणी भिंतीवरची काचेची चौकट उतरवून आणली. फोटो आले, पण त्यांच्याबरोबर नावे आली नाहीत. मागे काही लिहिलेले नाही आणि ज्यांनी पाहिले ते म्हातारे लोक एकेक करून निघून जात आहेत. माझ्या मते आपल्यापुढचा खरा प्रश्न हाच आहे. कागदाला कसर लागली तरी तो काही वर्षे टिकतो. ओळखणारा माणूस गेला की फोटो मुका होतो.

बँकेत आम्ही सही पडताळतो तेव्हा समोरचा माणूस ओळखीचा आहे म्हणून चेक पास करीत नाही, नमुन्याशी ताडून पाहतो. फोटोचेही तसेच करावे लागते. आपल्याकडे गर्दीचा कोणताही फोटो दिसला की लोक लगेच सांगतात, "हा छप्पन्नचा, दीक्षाभूमीचा." अभिमान समजण्यासारखा आहे. पण 14 ऑक्टोबर 1956 नंतरही दरवर्षी लाखो लोक नागपूरला जात आले आहेत. फोटोत मागे स्तूपाचा घुमट दिसत असेल तर तो 1956 चा असूच शकत नाही. त्या स्तूपाचे उद्घाटन 2001 साली राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले.

बाबासाहेबांच्या फोटोंना अशा अनेक खुणा आहेत. रमाईंचे निधन 27 मे 1935 रोजी झाले, म्हणजे रमाई सोबत असलेला फोटो त्याआधीचा. माईसाहेबांशी विवाह 15 एप्रिल 1948 चा, म्हणजे विवाहानंतरचे दोघांचे फोटो त्यापुढचे. गोलमेज परिषदेच्या फोटोत गांधीजी दिसले तर ती 1931 ची दुसरी परिषद; पहिल्या परिषदेला गांधीजी नव्हतेच. विद्यार्थ्यांनी हे तारखांचे पाठांतर समजू नये. एक पक्की तारीख हाती असली की दहा फोटो आपोआप मागेपुढे लागतात.

फलकावरची अक्षरे तर फार बोलतात. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना जुलै 1942 मध्ये नागपूरच्या परिषदेत झाली आणि ऑक्टोबर 1957 मध्ये रिपब्लिकन पक्ष आला. फलकावर "फेडरेशन" दिसले तर साधारण ही पंधरा वर्षे धरून चालावे. आपल्या खाणकामगारांच्या फोटोंचेही तसेच. चिखला, डोंगरी बुजुर्ग या खाणींच्या भागात "मॉयल" हे नाव 1962 नंतरचे. त्याआधी इंग्रज कंपनीचा, सी. पी. मँगनीज ओअरचा कारभार होता. फोटो स्टुडिओचा शिक्का पाहावा. आपला भंडारा जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मध्यप्रदेशात होता, नंतर मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात. दीक्षेच्या दिवशी नागपूर मध्यप्रदेशची राजधानी होती, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही! शिक्क्यात पिनकोड असेल तर फोटोची ती प्रत 1972 नंतरची. आणि "जिल्हा भंडारा" लिहिले म्हणून फोटो आजच्या भंडारा जिल्ह्यातलाच असे समजू नये, कारण 1999 पर्यंत गोंदिया आपल्यातच होते.

पण शिक्का प्रतीची तारीख सांगतो, प्रसंगाची नाही. आपल्याकडे आलेला एक फोटो सांगतो. मंडपापुढे अकरा स्त्रिया, नऊवारी लुगडी, दोघींच्या कडेवर मुले. देणाऱ्या घरचे म्हणाले, "ही बेचाळीसची महिला परिषद." 20 जुलै 1942 रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद झाली होती, हे खरे. मात्र फोटोमागे "नागपूर, म. प्र." असा शिक्का आहे, आणि मध्यप्रदेश हे नाव 1950 पासूनचे. म्हणून बेचाळीस खोटे ठरते का? नाही. जुन्या निगेटिव्हवरून नंतर प्रत काढली असेल. बेचाळीस सिद्धही होत नाही. 1954 साली भंडारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे होते आणि पराभूत झाले. त्या धामधुमीचा फोटो असण्याचीही शक्यता आहे. म्हणून त्याखाली आम्ही सध्या वर्ष लिहिलेले नाही. काही सभासदांना हे आवडले नाही. त्यांचा राग मी समजू शकतो, पण बेचाळीस छापून मोकळे होणे मला पटत नाही.

त्या अकरांपैकी चौघींची ओळख पटली. एका आजीबाईंनी बोट ठेवले आणि म्हणाल्या, "ही माही माय. लुगडं तिचं नोहे, फोटोसाठी मागून आणलं व्हतं." लुगड्याचा हा तपशील कोणत्या पुस्तकात सापडणार? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी "आम्हीही इतिहास घडवला" हे पुस्तक 1989 साली काढले, तेव्हा त्या अशाच घरोघर जाऊन चळवळीतल्या स्त्रियांना बोलते करीत होत्या. पुरुषांच्या फोटोखाली निदान "अमुक अध्यक्ष, तमुक चिटणीस" असते. बायकांच्या फोटोखाली "महिला कार्यकर्त्या" एवढेच. उरलेल्या सातजणींची नावे मिळाली नाहीत, तर त्या कायमच्या "महिला कार्यकर्त्या" राहतील.

विचारण्याची एक पद्धत आहे. चार म्हाताऱ्यांना एकत्र बसवून फोटो दाखवू नये. पहिला जे नाव घेतो त्याला बाकीचे माना डोलावतात. प्रत्येकाला वेगळे विचारावे, आणि "हे अमुक तर नाहीत ना?" असे नाव तोंडात घालू नये. मूळ फोटोवर आकडे टाकू नयेत. वर ट्रेसिंग पेपर ठेवून चेहऱ्यांच्या कडा काढाव्या, त्यात आकडे घालावे आणि नावे वहीत लिहावी. कोणी सांगितले, कोणत्या तारखेला, तेही. दोघांनी दोन नावे सांगितली तर दोन्ही लिहावी. खोडायचे काही नाही. फोटोमागे लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलने, कडेला. डिंक आणि लॅमिनेशन या दोन गोष्टींनी जेवढे फोटो गेले तेवढे बहुधा पावसानेही गेले नसतील!

एक बारकावा तरुणांसाठी. शर्टाचा खिसा उजवीकडे दिसला तर निगेटिव्ह उलटी छापली गेली का ते पाहावे. तसे असेल तर आपण डावीकडून मोजलेली माणसे उजवीकडून मोजली जातात आणि सगळी नावे फिरतात. आणखी एक. मोबाईलवर हल्ली जुने फोटो रंगवून फिरतात. त्यातला झेंड्याचा निळा रंग यंत्राने भरलेला असतो. पाहायला छान, पण त्यावरून झेंडा कोणाचा हे ठरवू नये.

सर्वांत अवघड भाग घरच्या अभिमानाचा आहे. "बाबासाहेबांच्या मागे उभे आहेत ते आमचे आजोबा," असे तीन घरांनी एकाच माणसाबद्दल सांगितले. तिघेही प्रामाणिक आहेत. लहानपणापासून घरात तसेच ऐकले आहे. अशा वेळी संस्थेने निवाडा देऊ नये. त्या तिन्ही आजोबांचे तरुणपणचे दुसरे फोटो मागवावे. कान, कपाळ, उंची ताडून पाहावी. तरीही ठरले नाही तर "ओळख पटलेली नाही" असे स्वच्छ छापावे. त्यात कोणाचाही अपमान नाही. चुकीचे नाव छापले तर मात्र जो खरोखर तिथे उभा होता, त्याला आपण कायमचे बाहेर काढतो.

अकराजणींच्या फोटोची मोठी प्रत विहारात लावली आहे. ज्यांच्या घरी सत्तरीपुढच्या आजी आहेत त्यांनी त्यांना एकेकटे घेऊन यावे. ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी विद्यार्थी प्रत घेऊन जातील. वही आणि पेन्सिल संस्था देईल. डावीकडून पाचवी बाई, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण असलेली, तिच्याबद्दल आधी विचारा. दोन आजींनी तिच्याकडे पाहून "थांबा, सांगते" म्हटले आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!