श्रुत आणि स्मृती : बहिणाबाईंच्या वहीचा बोध
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या पन्नास वर्षांचे पुण्यस्मरण करताना वास्तू, देणगीदार आणि कार्यकर्ते यांची नोंद होते, आणि ती झालीच पाहिजे. परंतु ज्या माउलींनी घराघरांत नवकार मंत्र मुलांच्या ओठी रुजविला, पाणी गाळून घेण्याचा व सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नेम शिकविला, त्या आजींचे नाव कोणत्याही शिलालेखावर नसते. आजचे चिंतन त्यांच्यासाठी आहे. त्यासाठी ज्या स्त्रीचे चरित्र समोर ठेवायचे आहे, ती जन्माने जैन नव्हती. तरीही अवघ्या महाराष्ट्राला ती आपल्याच घरातील आजी वाटते. जळगावच्या बहिणाबाई चौधरी, लोकांच्या तोंडी असलेल्या बहिणाई, या त्या होत.

आपल्या धर्मात शास्त्राला ‘श्रुत’ म्हणतात. श्रुत म्हणजे ऐकलेले. भगवान महावीरांची वाणी गणधरांनी ग्रहण केली आणि पुढे शतकानुशतके ती गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानी उतरत राहिली. काळाच्या ओघात स्मरणशक्ती क्षीण झाली, दुष्काळ पडले, ज्ञानी मुनी स्वर्गस्थ झाले आणि त्यांच्याबरोबर श्रुताचे मोठे अंश लुप्त झाले. दिगंबर परंपरा सांगते की, गिरनारच्या चंद्रगुफेत राहणाऱ्या वृद्ध धरसेनाचार्यांना ही चिंता लागली. त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना बोलावून आपले ज्ञान दिले आणि त्यातून षट्खंडागम लिपिबद्ध झाला. त्याच्या पूर्णतेचा दिवस, ज्येष्ठ शुद्ध पंचमी, आपण श्रुतपंचमी म्हणून पाळतो. श्वेतांबर परंपरेत वीर निर्वाणानंतर 980 व्या, मतांतराने 993 व्या वर्षी देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली वलभी येथे आगम ग्रंथारूढ झाले. कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी म्हणून ग्रंथांची पूजा होते. दोन्ही परंपरांचा बोध एकच आहे : ऐकलेले ज्ञान सांगणारा हयात असतानाच लिहून ठेवावे.

बहिणाबाईंचे जीवन हा याच बोधाचा अलीकडच्या काळातील दाखला होय.

1880 साली जळगावजवळील असोदे या गावी महाजन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते, अक्षरओळख नव्हती. पहाटे जाते, दिवसा शेत, सायंकाळी चूल असा त्यांचा दिनक्रम होता. तिशीच्या सुमारास वैधव्य आले. पदरी काशी ही कन्या आणि ओंकार व सोपान हे दोन पुत्र. त्यांतील ओंकारला प्लेगने गाठले. जीव वाचला, पण कायमचे अपंगत्व राहिले. एवढ्या दुःखाच्या भारानेही ही माउली वाकली नाही. बांगड्या फुटल्या तरी मनगटातील कर्तृत्व शिल्लक आहे, या आशयाचे उद्गार त्यांनी आपल्या काव्यात काढले आहेत. दैवाला दोष न देता पुरुषार्थाने पुढे जावे, हे कर्मसिद्धान्ताचे मर्म त्यांच्या जगण्यात आपोआप उतरले होते.

जात्यावर बसल्या की त्यांच्या मुखातून ओव्या येत. सुगरणीचा खोपा, मळ्यातील मोट, घरातील घरोट, माहेरची वाट, मनाचे चंचलपण, संसाराचे चटके, असे सारे विषय त्यांच्या नित्य जीवनातलेच होते. भाषा खानदेशातील लेवा समाजाची, घरात बोलली जाणारी. हात कामात आणि मन काव्यात, अशी त्यांची रचना होई आणि काम संपले की ती हवेत विरून जाई. त्या स्वतः लिहू शकत नव्हत्या. पुत्र सोपानदेव, जे पुढे स्वतः कवी म्हणून नावारूपास आले, आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी त्यांतील काही रचना वेळोवेळी टिपून ठेवल्या. जे टिपले ते उरले. जे टिपले गेले नाही, ते कायमचे गेले.

दि. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाईंनी देह ठेवला. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य प्र. के. अत्रे यांच्यापुढे ठेवली. अत्रे यांना त्या वहीत अस्सल सोने दिसले आणि हे धन महाराष्ट्रापासून लपवून ठेवणे हा गुन्हा ठरेल, असे त्यांनी बजावले. त्यांच्या प्रस्तावनेसह 1952 साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. 1961 च्या ‘मानिनी’ चित्रपटातून ही गाणी घरोघर पोहोचली. निरक्षर स्त्रीचे काव्य शाळेच्या क्रमिक पुस्तकांत आले आणि 2018 साली जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला तिचे नाव देण्यात आले. जळगावच्याच भवरलाल अँड कांताबाई जैन मल्टिपर्पज फाउंडेशनने बहिणाबाईंच्या नावाने साहित्य पुरस्कार दिला, ही आपल्या समाजाला अभिमान वाटावी अशी बाब आहे.

या सर्व वैभवाचा पाया कोणता? घरातील दोन तरुणांनी हाती घेतलेली एक साधी वही. त्यांनी आणखी एक विवेक पाळला. आईची बोली त्यांनी ‘शुद्ध’ करून लिहिली नाही. ती जशी बोलली तशीच कागदावर उतरविली, म्हणून त्या काव्याचा प्राण टिकला.

आता दृष्टी आपल्या घरांकडे वळवू या. आपला समाज व्यापारी. रोजमेळ आणि खतावणी लिहिण्यात आपला हात कोणी धरू शकत नाही. एक वार कापड उधार गेले तरी त्याची नोंद वहीत पडते. मात्र आजी बोलते, त्याची नोंद कोणत्या वहीत आहे? आपले पूर्वज मारवाडातून, गुजरातेतून किंवा आणखी कोठून मराठवाड्यात आले, पहिले दुकान कोठे थाटले, निजामाच्या राजवटीत उर्दू माध्यमाच्या शाळांच्या काळात मातृभाषेतील स्तवने घरात कोणी जपली, रझाकारांच्या दिवसांत कुटुंबे कोठे आश्रयाला गेली, सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यावर गावात काय घडले, 1972 च्या दुष्काळात घरातील धान्य कोणाकोणाला वाटले, हे सारे आजींच्या स्मरणात आहे. कचनेर येथील चिंतामणी पार्श्वनाथांची खंडित मूर्ती पुन्हा सांधली गेल्याची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी पुस्तकात वाचण्यापूर्वी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. प्रत्येक आजीच्या सांगण्यात तिचा एखादा वेगळा तपशील असतो. पर्युषणातील व्रतकथा, विवाहातील गीते, चातुर्मासातील पदार्थांचे नियम, जुन्या छायाचित्रांतील चेहऱ्यांची नावे, यांचेही तसेच आहे.

हिशोब सरळ आहे. रझाकारांचा काळ ज्यांनी जाणत्या वयात पाहिला, त्या माता आज पंच्याऐंशी-नव्वदीच्या आहेत. त्यांची संख्या दर वर्षी घटते आहे. येथे उधारी वसूल करण्यास पुढील दिवाळीपर्यंत थांबता येणार नाही.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात एक छोटासा संकल्प सुचवावासा वाटतो. पाठशाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही करावी. आठवड्यातून एकदा आजीजवळ, आपली आजी नसेल तर शेजारच्या आजींजवळ बसावे. प्रथम त्यांचे नाव, जन्मगाव, माहेरचे आडनाव आणि तारीख लिहावी. मग एकच प्रश्न विचारावा आणि शांतपणे ऐकावे. मारवाडी, गुजराती, हिंदी, मराठी अशी मिसळलेली बोली असेल तर तशीच लिहावी. व्याकरण सुधारण्याचा मोह टाळावा. स्तवन म्हणत असतील तर भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण करावे, पण वहीतही उतरवावे. यंत्र बदलते, बिघडते. कागद टिकतो, हे आपल्या ग्रंथभांडारांनी सिद्ध केले आहे. वर्षअखेरीस या वह्या संस्थेच्या ग्रंथालयात जमा व्हाव्यात आणि श्रुतपंचमीला व ज्ञानपंचमीला शास्त्रग्रंथांचे पूजन झाल्यावर त्यांतील एखादे पान सर्वांसमोर वाचले जावे. शास्त्राची बरोबरी करण्याचा यात हेतू नाही. ज्या मुखांनी शास्त्रावरील श्रद्धा आपल्यापर्यंत पोहोचविली, त्यांच्याविषयीची ही कृतज्ञता होय.

प्रत्येक आजी बहिणाबाई नसेल. परंतु सोपानदेव आणि पितांबर यांनी वही उघडली नसती तर बहिणाबाईदेखील जळगावच्या एका वाड्यातील अनाम वृद्धा म्हणून विस्मृतीत गेल्या असत्या. सांगणारी घरात आहे. लिहिणाऱ्याची वाट आहे. तरुण पिढीने ती जबाबदारी आनंदाने स्वीकारावी, एवढीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.

या भाषणात कोणाचे मन कळत-नकळत दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!