विलग न होणारे बिंदू आणि चेन्नईची गणितपरंपरा



फेलिक्स हाउसडॉर्फ यांनी 1914 साली प्रसिद्ध केलेल्या संचसिद्धान्तावरील ग्रंथात संस्थितिविज्ञानाची, म्हणजेच टोपॉलॉजीची, मांडणी करताना अशी अट घातली की कोणतेही दोन भिन्न बिंदू घेतले तरी त्यांच्याभोवती एकमेकांना न छेदणारे दोन विवृत संच आखता आले पाहिजेत. वास्तव संख्यांची रेषा, प्रतल आणि विश्लेषणात नित्य भेटणारे बहुतेक अवकाश ही अट पाळतात, आणि अभिसारी क्रमिकेला एकच सीमा असते या विश्वासाला तिचाच आधार आहे. जे अवकाश ती पाळत नाहीत त्यांची रवानगी पाठ्यपुस्तकांनी प्रतिउदाहरणांच्या अडगळीत केली. विद्यार्थ्याने त्यांच्याकडे एकदा पाहावे, दचकावे आणि पुढे जावे, एवढीच अपेक्षा उरली. ही उपेक्षा गणिताच्या गरजेपेक्षा अध्यापनाच्या सवयीतून अधिक आली आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे, आणि त्याचा पुरावा चेन्नईच्याच परंपरेत आहे.

चेन्नईच्या लॉयोला कॉलेजात गणिताचे अध्यापक फादर रासीन यांच्या हाताखाली शिकलेले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेले आणि पुढे 1989 मध्ये आजच्या चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचा पाया घालणारे सी. एस. शेषाद्री यांचे क्षेत्र बैजिक भूमितीचे होते. या शाखेत बहुपदींच्या शून्यस्थानांना संवृत संच मानतात. या झारिस्की संस्थितीत रेषेवरील कोणतेही दोन अरिक्त विवृत संच एकमेकांना छेदतातच, त्यामुळे हाउसडॉर्फची अट पहिल्याच पायरीवर मोडते, आणि तरीही भूमितीकारांचे काम अडत नाही. शेषाद्रींपुढची अडचण याहून खोल होती. वक्राच्या प्रत्येक बिंदूवर एकेक सदिश अवकाश बसवून जो सदिश गुच्छ तयार होतो, अशा सर्व गुच्छांचे वर्गीकरण करू जाता असे कुल आढळते की त्यातील चल शून्येतर असेपर्यंत प्रत्येक वेळी तोच एक गुच्छ मिळतो, पण चल शून्य होताच त्या गुच्छाचे घटक सुटे होऊन त्यांची बेरीज हाती येते. म्हणजे न बदललेली वस्तूच सीमेवर दुसरी होते, आणि वर्गीकरणाच्या अवकाशात त्या दोन गुच्छांच्या बिंदूंना विलग करण्याचा मार्ग राहत नाही. 1965 मध्ये एम. एस. नरसिंहन यांच्यासह स्थिर गुच्छांचा प्रसिद्ध सिद्धान्त दिल्यानंतर शेषाद्रींनी 1967 मध्ये या दुखण्यावर उपाय दिला: ज्या अर्धस्थिर गुच्छांचे स्थिर घटक सारखे, ते वर्गीकरणापुरते एकच बिंदू मानावेत. कोणते बिंदू विलग होत नाहीत आणि का, हे बारकाईने पाहिल्यावाचून असा उपाय सुचत नाही.

संगणकशास्त्राने मात्र ही अविलगता मिटवण्याऐवजी जपली. एखादी आज्ञावली एकामागून एक अंक छापत आहे असे समजावे. तिने 010 छापून झाले आहे, आणि दुसरीने 0101. छापून झालेल्या अंकांवरून ‘होय’ म्हणता येणारी जी कसोटी पहिलीला लागू पडते ती दुसरीलाही पडते, कारण छापलेले परत घेता येत नाही. उलट दिशेने मात्र चौथा अंक 1 असल्याची कसोटी केवळ दुसरीच उतरते. आज्ञावली थांबली हे पाहून सांगता येते, ती कधीच थांबणार नाही हे नुसते वाट पाहून सांगता येत नाही. अशा पडताळता येणाऱ्या गुणधर्मांनाच विवृत संच मानले की जी संस्थिती मिळते ती हाउसडॉर्फ असूच शकत नाही. तर्कशास्त्रज्ञ डेना स्कॉट यांनी 1969 पासून याच पायावर लॅम्डा कलनाचे, म्हणजे फलनांच्या भाषेतील संगणनाचे, प्रतिमान उभारले. तेथे प्रत्येक वस्तूला स्वतः फलनही व्हावे लागते, आणि सर्व फलने घेतली तर कँटरच्या सिद्धान्ताने ती वस्तूंच्या संख्येत मावत नाहीत. केवळ संतत फलने घेतली, म्हणजे ज्यांच्या उत्तराचा कोणताही सांत भाग प्रश्नाच्या सांत भागावरूनच ठरतो अशी घेतली, की मावतात. इतके नेमके काम करणाऱ्या अवकाशाला विकृत म्हणणे हा निव्वळ पूर्वग्रह होय.

तथापि संगणकशास्त्राच्या अभिमान्यांनीही दुसरे टोक गाठून हाउसडॉर्फ अवकाशांना निरुपयोगी मानण्याचे कारण नाही. चेन्नईत दीर्घकाळ संशोधन केलेल्या पी. एस. थियागराजन यांनी समांतर चालणाऱ्या प्रक्रियांच्या घटनारचनांविषयी, म्हणजे कोणती घटना कोणत्या घटनेनंतरच घडते आणि कोणत्या घटना एकत्र घडू शकत नाहीत याच्या मांडणीविषयी, एक अटकळ मांडली होती: नियमित अशी प्रत्येक घटनारचना एखाद्या सांत पेट्री जालापासून, म्हणजे समांतर प्रक्रियांच्या सांत आराखड्यापासून, मिळते. घटनारचनेच्या अवस्था, म्हणजे घडून गेलेल्या घटनांचे संच, समावेशाच्या क्रमाने मांडल्या की स्कॉट यांच्याच जातीचा अवकाश मिळतो. संशोधक शालोपाँ आणि चेपॉय यांनी 2017 मध्ये ही अटकळ प्रतिउदाहरणाने खोडून काढली, तेव्हा ते प्रतिउदाहरण त्यांनी चौरस जोडून केलेल्या अशा भूमितीय रचनांमधून घडवले, जेथे अंतर मोजता येते आणि कोणतेही दोन बिंदू सहज विलग होतात.