विक्रीची खबर वेळेत

किराणा मालाच्या साखळी दुकानांत काय खपलं हे मुख्यालयाला उशिरा कळलं, तर एका दुकानात फळी रिकामी राहते आणि दुसऱ्यात माल नासतो. जपानमधल्या सेव्हन-इलेव्हन या दुकानांच्या साखळीनं यावर फार विचारपूर्वक काम केलं. त्यांचं पहिलं दुकान १९७४ साली टोकियोत सुरू झालं. १९८२ पासून त्यांच्या दुकानांत गल्ल्यावरच विक्रीची संगणकीय नोंद होऊ लागली.

ओनिगिरी घ्या. शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला हा भाताचा गोळा ताजाच विकावा लागतो. समजा, वीस नग आले आणि वीसही गेले. हिशेब चोख दिसतो. पण शेवटचा नग अकरालाच संपला असेल, तर दुपारचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परतलं. ही गोष्ट नुसत्या बेरजेतून कळत नाही, त्यासाठी विक्रीची वेळही नोंदलेली लागते.

मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते असं, की माहिती परतही येते. हवामानाचा अंदाज, नव्या मालाचा खप हे दुकानाला कळवलं जातं. मागणी मात्र दुकानातली माणसंच ठरवतात, अर्धवेळ काम करणारी मुलंसुद्धा. शेजारच्या शाळेत उद्या क्रीडास्पर्धा आहेत, हे त्यांनाच ठाऊक असतं.

एक काळजी मात्र घ्यावीच लागते. फुटलेली बाटली किंवा चोरीला गेलेला डबा गल्ल्यावर येत नाही. संगणकात तो शिल्लकच दिसतो आणि नवा माल येत नाही. म्हणून फळीवरचा माल अधूनमधून हातानं मोजून ती नोंद त्याच दिवशी दुरुस्त करायला हवी.