घरची नानखटाई

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली कीं पुण्यामुंबईच्या वाड्यांतून व चाळींतून पूर्वीं मंडळी बेकरीची वाट धरीत. आईच्या हातीं तुपाचा डबा, मुलांच्या हातीं मैद्याची आणि साखरेची पिशवी, शिवाय नानखटाई आणण्यासाठीं एक रिकामा पत्र्याचा डबा. घरांत भट्टी नसे. म्हणून जिन्नस घरचा व भट्टी बेकरीवाल्याची, असा हा व्यवहार होता. बेकरीवाला मजुरी घेई, आणि घरचीं माणसें डोळ्यांत तेल घालून तेथेंच बसत. कारण आपलें तूप आपल्याच नानखटाईंत पडावें, ही काळजी मोठी!

हा पदार्थ मूळचा सुरतेचा मानला जातो. सतराव्या शतकांत डच व्यापाऱ्यांची वखार तेथें होती. त्यांची पाव भाजण्याची भट्टी पुढें पारशी भटाऱ्याच्या हातीं आली आणि तिच्यांतून नानखटाई निघाली, अशी परंपरागत हकीगत आहे. ‘नान’ हा फारशी शब्द. त्याचा अर्थ भाकरी किंवा पाव. अशी ही पाहुणी फराळाच्या ताटांत चकलीशेजारीं येऊन बसली आणि घरचीच झाली.

आतां भट्टीसाठीं घराबाहेर जाण्याचें कारण उरलेलें नाहीं. विजेची भट्टी असेल तर उत्तमच. नसेल तर जाड बुडाच्या कढईंत मिठाचा थर पसरावा, त्यावर लहानशी तिवई ठेवावी व झांकण घालून कढई १० मिनिटें तापवावी. तिवईवर थाळी ठेवून मंद आंचेवर काम उत्तम भागतें.

कृति सोपी आहे. पण तिच्यांतील प्रत्येक गोष्टीस कारण आहे. पाऊण वाटी थिजलेलें तूप व १ वाटी पिठीसाखर हातानें फेसावी. मिश्रणांत हवा कोंडली जाऊन तें पांढरें व हलकें होतें. मग १ चमचा दही, २ वाट्या मैदा, २ चमचे बेसन, पाव चमचा खाण्याचा सोडा आणि वेलदोड्याची पूड घालावी. त्या चमचाभर दह्याखेरीज दुसरी ओल नको. पाणी पडलें कीं मैद्याला चिवटपणा येतो. पोळीला जो गुण, तोच येथें दोष. तूप पिठाच्या कणाकणाला वेढतें व चिवटपणा येऊं देत नाहीं. खुसखुशीतपणाचें मूळ हेंच. सोडा अधिक झाला तर रंग काळवंडतो व चव साबणासारखी लागते. विजेच्या भट्टींत १६० ते १७० अंशांवर १५ ते २० मिनिटें पुरतात. बाहेर काढतांना नानखटाई मऊ लागते. ती कच्ची समजून पुन्हां भाजूं नये. निवतांना ती आपोआप कडक होते.

परंतु एवढ्यासाठीं एक संध्याकाळ खर्चावी काय? बाजारांत तयार डबा मिळतो, आणि तो वाईटहि नसतो. मात्र विकतचा डबा ज्याचा तो उघडतो, ज्याच्या त्याच्या खोलींत, ज्याच्या त्याच्या पडद्यासमोर. घरच्या नानखटाईला अनेक हात लागतात. धाकटीनें गोळे वळावे, थोरल्यानें त्यांवर पिस्त्याचे काप दाबावे, वडिलांनीं घड्याळावर नजर ठेवावी. आणि आजीनें? तिला उभ्यानें स्वयंपाक करणें आतां झेपत नाहीं. पण खुर्चीवर बसून ती पीठ मुठींत दाबते, मूठ उघडून पाहते आणि सांगते, “अजून थोडें तूप घाल ग.” मुठीचा गोळा फुटला नाहीं म्हणजे पीठ साधलें, ही तिची परीक्षा. वाटीचें माप पुस्तकांत सांपडतें. पण हवा कोरडी आहे, मैदा जुना आहे, तूप पातळ झालें आहे, हें त्या मुठीलाच कळतें. विचारणारा कोणी नसेल तर हें ज्ञान तिच्याबरोबरच जाईल. कित्येक घरांतून तें तसें गेलेंहि आहे. तेथें आतां चव आठवते, रीत कोणालाच ठाऊक नसते.

पहिली थाळी भट्टींत गेली कीं २० मिनिटें करण्यासारखें कांहींच नसतें, आणि वास सुटल्यामुळें कोणी उठूनहि जात नाहीं. अशा वेळीं जुन्या गोष्टी निघतात. एरवीं एका शब्दांत उत्तर देणारा मुलगा आपण होऊन शाळेंतली हकीगत सांगूं लागतो.

तेव्हां दिवाळीची वाट पाहूं नये. एखाद्या शनिवारीं संध्याकाळीं आजीपुढें परात ठेवावी आणि नातवंडांनीं वही घेऊन शेजारीं बसावें. वाट्या व चमचे लिहून घ्यावे; पण पीठ दाबून पाहण्याची वेळ आली कीं वही बाजूला ठेवावी आणि आपलीहि मूठ त्यांत घालावी.