ओलं लुगडं



पत्रिकेत माझा विषय छापलाय 'शहराचं पाणी आणि आपण'. जायकवाडीतून पाणी उपसायचं, फारोळ्याला शुद्ध करायचं, नक्षत्रवाडीला चढवायचं आणि मग तुमच्या नळाला. कधी, ते मला विचारू नका. झाला विषय.

खरं तर आज शाळेत शिरलो, नववी-ब ची खिडकी दिसली आणि दुसरंच काही आठवलं. गुलमंडीवरून सायकल दामटत यायचो, तरी उशीर व्हायचाच. एकदा मराठीच्या बाई म्हणाल्या, "आज तुम्ही श्यामची आई. तिच्या रोजनिशीचं एक पान लिहा."

साने गुरुजींनी 'श्यामची आई' हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, हे आम्हाला पाठ होतं. पण त्यात बोलतो तो श्याम. आईच्या मनातलंही तोच सांगतो. मी दोन पानं संस्कार ओतले. बाईंनी खाली लाल शाईत लिहिलं : "एवढं शुद्ध बोलायला आईला वेळ कुठे असतो?"

मग त्यांनी एका मुलीची वही वाचली. पायाच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम आईला ओचे पसरायला लावतो, तो प्रसंग. तिने चारच ओळी लिहिल्या होत्या. लुगडं ओलंच राहिलं. थंडी वाजली. स्वयंपाक केला. कोणाला बोलले नाही.

वर्गात कोणी हाललं नाही. मी तर त्या दिवशी घरी जाऊन आईकडे नीट बघितलंसुद्धा नाही, लाज वाटत होती.

दुसऱ्याच्या मनात शिरून लिहिणं तसं नवं नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक'मध्ये यमू नावाच्या मुलीच्या तोंडून अख्खी कादंबरी सांगायला घेतली. पुरुष असून! 'मृत्युंजय'मध्ये सावंतांनी दुर्योधनालाही बोलू दिलं. मुलांनो, तुम्ही मात्र रोज स्वतःचेच फोटो टाकता. महिन्यातून एक पान दुसऱ्याचं लिहा रे. हाताने लिहा. ज्याच्याशी भांडण झालंय, त्याचं तर आधी लिहा. आणि ते पान कोणाला दाखवू नका.

पुढच्या रांगेतले पालक, मोबाइल जरा खाली घ्या. मागच्या पोरांना स्टेज दिसत नाहीये. हां, त्या मागच्या पोराचं एक पान लिहून बघा घरी गेल्यावर. विश्वस्त मंडळींनी आमच्या घंटेवाल्या मामांचं लिहावं. ते बघा, अजून दाराशी उभेच आहेत. मामा, बसा ना! खुर्ची द्या कोणीतरी.

चिठ्ठी आली. नाटकातल्या मुलांच्या मिशा निघायला लागल्यात म्हणे. बरं, बसतो.