वाडीचा शब्द आणि जगाचा कान

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत डोंगराच्या अंगाखांद्यावर ठिकठिकाणीं ठाकुरवाड्या वसलेल्या आहेत. ठाकूर या आदिवासी जमातीवरून पडलेलें हें नांव एका वाडीचें नसून अनेक वाड्यांचें आहे. बोरघाटांतील लोहमार्गावरच्या एका ठिकाणासही तेंच मिळालें आहे. १८६३ सालीं हा घाटमार्ग खुला झाला. १८७० सालीं समुद्राखालच्या तारेनें मुंबई लंडनशीं जोडली गेली. पण जगाच्या त्या बोलण्यांत वाडीचा शब्द नव्हता. तार करावयाची तर तारघर जवळ हवें, अक्षरओळख हवी, आणि पदरीं पैसाही हवा.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांत इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें. पुढें तें मोबाइलवर आलें, आणि केवळ ऐकणारा होता तो सांगणाराही झाला. आज डोंगरांतील मुलानें पाठविलेलें चित्र दुबईंत नोकरीस असलेला मराठी माणूस त्याच क्षणीं पाहूं शकतो. हें सामर्थ्य लहान नव्हे.

त्या सामर्थ्याची मर्यादाही खालापूर तालुक्यांतच दिसून आली. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इर्शाळगडाच्या उतारावर दरड कोसळली आणि इर्शाळवाडी या ठाकरांच्या वाडींतील कित्येक घरें मातीखालीं गेलीं. दुसऱ्याच दिवशीं तिचीं छायाचित्रें देशोदेशीं पोहोंचलीं. परंतु वाडीस मोटारीचा रस्ता नव्हता. बातमीला पायवाट चढावी लागली नाहीं. मदतीला मात्र ती चढावी लागली. मोठीं यंत्रें वर नेतां येईनात, म्हणून भर पावसांत कुदळ-फावड्यांनीं माती उपसावी लागली. नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचे एक अधिकारी ती चढण चढतांनाच मरण पावले. २३ जुलै रोजीं शोध थांबविला, तेव्हां २७ मृतदेह हातीं आले होते आणि ५७ माणसें बेपत्ता होतीं.

याहून विचार करण्याजोगी गोष्ट निराळी आहे. दरडींचा धोका असलेल्या गांवांच्या सरकारी यादींत या वाडीचें नांव नव्हतें. आकांत झाल्यावर साऱ्या जगानें तिच्याकडे पाहिलें. आकांतापूर्वीं तालुक्याजिल्ह्याच्या कागदांतही तिच्या धोक्याची नोंद नव्हती. यांत दोष यंत्राचा नाहीं. जगाची नजर कोसळलेल्या डोंगराकडे वळते. मुरणारें पाणी आणि हळूहळू रुंदावणारी भेग यांना प्रेक्षक मिळत नाहीं.

तेव्हां वाडीच्या हातीं मोबाइल आला एवढ्यानें काम भागलें, असें समजूं नये. पावसाचा इशारा वाडीला समजेल अशा बोलींत वर गेला पाहिजे, आणि वाडीनें पाहिलेली खूण तितक्याच वेगानें खालीं आली पाहिजे. त्या खबरीस जगभरचे श्रोते नकोत. ती ऐकून त्याच दिवशीं डोंगर चढून जाणारा, कचेरींतला एक जबाबदार माणूस पुरे.