जमीन विकण्याआधी

आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे. कापसाची काळी जमीन व्हेंचरवाल्याला गेली की पैसा आमच्याच खिडकीतून जमा होतो आणि गाडी, लग्न, बंगला यांत दोन-तीन वर्षांत निघून जातो.

पुण्याच्या हडपसरला मगर मंडळींनी वेगळे केले. शहर अंगावर येणार हे ओळखून सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी 400 एकरांहून अधिक जमीन एकत्र केली. पुढाकार सतीश मगर यांचा, शिक्षण शेतीचे. जमीन विकली नाही, कंपनी काढली. ज्याची जितकी जमीन, तितके त्याचे शेअर. 2000 च्या सुमारास मगरपट्टा सिटी उभी राहू लागली. मोठी बाग राखली, ओल्या कचऱ्याचे खत केले, छतांवर सोलर हीटर बसवले. हेच मगर 2019 मध्ये क्रेडाई या बिल्डरांच्या देशव्यापी संघटनेचे अध्यक्ष झाले.

आदिलाबादला पुण्याचा भाव नाही, मान्य. शिवाय तिथे बरीचशी एकच भावकी होती. आपल्याकडे भावकीतच बांधावरून कोर्ट! पण 2020 मध्ये तेलंगण सरकारला विनापरवाना लेआउट नियमित करण्याची योजना आणावी लागली, ती अशाच घाईच्या विक्रीमुळे. तेव्हा मत मागायला येणाऱ्याला एवढे विचारा: आमच्या वॉर्डातल्या नव्या प्लॉटांची नाली कुठे उतरते, आणि बागेची जागा कोणाच्या नावावर आहे?